टिटवी पलीकडे गेली

चांदभाई बागवान मला पहिल्यांदा भेटला तो भर रस्त्यात पालथा पडलेला. पुणतांबा स्टेशनावर उतरवलेलं पिठाच्या गिरणीचं इंजिन बैलगाडीवर घालून मी गोदाकाठच्या त्या गावी चाललो होतो. साल एकेचाळीस, मे महिन्याची अखेर. इंजिन इतकं जड की आठ बैल जुंपावे लागले, आणि गाडीवान इतका मारका की बैल नऊच म्हणायला हवेत. वळणावर गाडी करकचून थांबली. पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर एक माणूस धुळीत हनुवटी टेकून पडला होता.

"मेलाय का बघा," मी म्हटलं.

"मेला न्हाई, चांदभाई हाय," गाडीवान म्हणाला. जणू जिवंत आणि मेलेला यांच्या मधली ती एक तिसरी अवस्था होती.

"थांबा," जमिनीवरून आवाज आला. "अंडी चाललीत."

रस्ता ओलांडून मुंग्यांची रांग निघाली होती आणि प्रत्येकीच्या तोंडात पांढरं अंडं होतं. आम्ही थांबलो. बैल बसले, गाडीवान घोरू लागला, माझी दाढी वाढली. अलीकडून ज्या मुंग्या निघाल्या त्यांच्या नातीच पलीकडे पोचल्या, हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे. शेवटची मुंगी गवतात शिरल्यावर तो माणूस उठला. उंच, काटकुळा, मेंदीनं लाल केलेली दाढी, आणि त्या दाढीत दोन-तीन चुकार मुंग्या. त्यानं इंजिनाकडे पाहिलं.

"झाका त्याला. मुंगीनं घर हलवलं. दिवस मावळायच्या आत पाऊस हाय."

मी नवखा होतो. इंजिनावर गोणपाटं घातली, गाडीवानाची घोंगडी घातली, तरी थोडं उघडं राहिलं म्हणून माझं एकुलतं एक चांगलं धोतर सोडून त्यावर गुंडाळलं. इंजिन नवरीसारखं नटून आणि मी पंचा नेसून, असे आम्ही कडकडीत उन्हात वेशीतून आत आलो. माझ्या त्या अवताराचं कुणालाही नवल वाटलं नाही. पारावरचा एक शेतकरी तेवढा म्हणाला, "वाटेत चांदभाई भेटला वाटतं."

तो सहादेव. चांदभाईचा लंगोटीयार, शेजारी आणि जन्मभराचा टवाळखोर. पाऊस पुढच्या महिन्यात पडला.

चांदभाईची वाडी नदीच्या वाळवंटात असे. दिवाळीनंतर पाणी ओसरलं की गावकीच्या परवानगीनं तिथं चर खणायचे, त्यात शेणखत भरून टरबुजं-खरबुजं लावायची आणि नदीला नवं पाणी यायच्या आत सगळं उचलून वर यायचं. ते पाणी कधी येईल याची त्याच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या चिंता, म्हणून घराणंच्या घराणं पाखरांकडे बघत जगलेलं. बाकीचे लोक आभाळाकडे बघत. चांदभाई म्हणे, आभाळ लबाड, जनावर लबाड नाही. कावळ्यानं यंदा आंब्यावर घरटं केलं की बाभळीवर, बिब्याला बहर किती, शेळी कान कशी झाडते, चिमणी धुळीत न्हाते की पाण्यात, यावर तो तास तास बोलत बसे. आणि सगळ्यांच्या वर टिटवी. टिटवी घरटं बांधत नाही, नदीकाठच्या उघड्या गोट्यांत अंडी घालते. खाली पाण्याजवळ घातली तर नदीला पूर नाही. वर दरडीवर घातली तर नदी मोठी. अक्षय तृतीयेला सगळं गाव मारुतीच्या पारापाशी जमे आणि चांदभाई सांगे, यंदा टिटवी कुठं बसली.

त्याचा अंदाज निम्म्या वेळा चुके. नाणं उडवून सांगितलं असतं तरी इतपत बरोबर आलं असतं. पण त्याच्या सबबी ऐकायला मिळाव्यात म्हणून गाव त्याच्या चुकांची वाट बघे. एका साली त्यानं पूर सांगितला आणि नदी घोट्याच्या वर आलीच नाही.

"आता बोल," सहादेव म्हणाला.

"टिटवी पहिलटकरीन हुती. तिला काय कळतंय?"

दुसऱ्या साली कावळ्यानं सहादेवाच्याच आंब्यावर घर केलं असूनही बाजरी करपली.

"तो कावळा येवल्याचा," चांदभाई म्हणाला. "मी तवाच वळखला हुता, पन तुझ्या झाडाचं वाईट कशाला बोलायचं?"

"येवल्याचा कशावरून?"

"उडतो कसा बघ की. जरीकाम करनाऱ्यावानी."

मात्र एका गोष्टीत गाव त्याची थट्टा करत नसे. पेरणीच्या दिवशी पाभरीच्या चाड्यात, म्हणजे ज्या लाकडी वाटीतून बी खाली जमिनीत जातं तिच्यात, पहिली मूठ चांदभाईची पडायची. बी त्याचं नव्हे, रान त्याचं नव्हे, बैल त्याचे नव्हेत, मूठ तेवढी त्याची. ही चाल त्याच्या पणज्यापासूनची. का पडली हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारावंसंही कुणाला वाटलं नाही. मृगाच्या सकाळी तो या रानातून त्या रानात असा धावे की जणू गावभरची लग्नं एकाच मुहूर्तावर आली आहेत आणि काजी एकच आहे. सुगीला त्याबद्दल घरोघरून सूपभर बाजरी येई, पण बाजरीसाठी कुणी इतकं धावत नाही. त्याची बायको बिबीजान एकदा दळण घेऊन आली तेव्हा म्हणाली, "मिरगाला त्यांचा उजवा हात आमच्या घरचा नसतो, गिरणीवाले. त्या दिशी बिडीसुदिक डाव्या हातानं वढत्यात. न्हानीतून आलं की हात असा वर धरून उभं, वाळत घातल्यावानी."

तिला हसू येत होतं आणि अभिमानही वाटत होता. चांदभाई वाळूत फळं पिकवणारा माणूस. त्याच्या नावावर वीतभर काळी जमीन नव्हती. त्या एका सकाळी मात्र सगळ्या शिवारात त्याचा हात चाले.

अठ्ठेचाळीस साल उजाडलं. आमच्या गावाला नदी हीच हद्द. अलीकडं आपण, पलीकडं निजामाचं राज्य. एरवी ती हद्द फक्त नकाशात होती. अर्ध्या गावाच्या लेकी पलीकडं दिलेल्या, बाजारहाट पलीकडं, चुकलेली म्हैस हटकून पलीकडंच सापडायची. पण त्या साली पलीकडून रझाकार येणार, अशी आवई उठली. रोज नवी बातमी येई आणि ती दळून घ्यायला माझ्या गिरणीवर येई. गावानं पहारा बसवला. त्याचा म्होरक्या गहिनीनाथ. त्याची स्वतःची सासुरवाडी पलीकडं; तिथल्या पुरणपोळ्या खाऊन तो चार महिन्यांपूर्वीच परतला होता. आता त्यानं कमरेला रुंद पट्टा बांधला आणि तो मिशीला तूप लावू लागला. त्याची पोरं काठ्या आपटत, डबे बडवत वाळवंटातून फिरायची. रझाकार भ्याले असतील की नाही, ठाऊक नाही; टिटव्या मात्र भ्याल्या. अंडी घालायच्या दिवसांत त्या आपला काठ सोडून पलीकडच्या दरडीवर गेल्या.

आणि अंडी बघायला चांदभाई गेला, भर सकाळी, उघड्या वाळवंटातून, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून, सगळ्यांच्या देखत.

अक्षय तृतीयेला पारापाशी नेहमीसारखी गर्दी होती. चांदभाई पायरीवर उभा राहिला. "टिटवी पलीकडच्या दरडीला बसलीया, पार कडंला. एवढी वर मी कवा बघितली न्हाई. नदी मोठी येनार. काठाच्या कडब्याच्या गंजी हलवा, गोठं वर घ्या."

"तू पलीकडं गेल्तास?" गहिनीनाथनं विचारलं.

"न जाता दिसंल कसं?"

"कुनाला भेटलास?"

"टिटवीला."

लोक सवयीनं हसले. मग गहिनीनाथ हसत नाही असं त्यांच्या ध्यानात आलं, आणि एकेकाचं हसू विझत गेलं. सगळ्यात शेवटी सहादेवाचं विझलं.

"दर साली हितं बसती. यंदाच तिला तिकडची वढ का लागली?" गहिनीनाथनं विचारलं.

"तुमची पोरं रातंदिस वाळूत डबं बडवित्यात. ती बसंल कशी?"

हे खरं होतं, आणि म्हणूनच ते बोलायला नको होतं.

"म्हंजी आमी पहारा उठवावा," गहिनीनाथ सावकाश म्हणाला. "गंजी काढाव्या. गोठं हलवावं. सगळा काठ मोकळा करावा. कुनाला यायला, चांदभाई?"

चांदभाईला प्रश्नच कळला नाही. "पान्याला," तो म्हणाला.

त्या पारावर जमलेल्या प्रत्येकाला चांदभाई जन्मापासून माहीत होता. गहिनीनाथच्या बापाच्या चाड्यात त्यानं मूठ टाकली होती, आणि ते पीक खाऊनच गहिनीनाथ पट्टा कसण्याइतका जाड झाला होता. तरी एकही जण बोलला नाही. मीही तिथंच होतो. गावानं गंजी हलवल्या नाहीत. उलट काठावर आणखी काटेरी फांद्या आणून रचल्या.

चार-आठ दिवसांनी सहादेवानं चांदभाईला माझ्या गिरणीत गाठलं. इंजिनाच्या पट्ट्याचा आवाज चालू असताना बोललेलं बाहेर ऐकू जात नाही, म्हणून लोक गुप्त बोलायला गिरणीतच येत.

"हे बघ," सहादेव त्याच्या कानाशी ओरडला. "पारावर ये आन् एवढंच म्हन, यंदा काय कळंना. न्हाईतर म्हन टिटवी येडी झाली. मी गहिनीनाथशी बोललोय. मिटंल सगळं."

"पन दिसलं की मला. वर बसलीया."

"आरं, इतकी सालं तुझं खोटं ऐकून घेतलं गावानं. आनखी एक सांगितलंस तर काय जातंय तुझं?"

"खोटं कवा सांगितलं?" चांदभाई दुखावून म्हणाला. "चुकीचं सांगितलं आसंल."

"यंदा मूठ जाईल तुझी, चांदभाई."

चांदभाईनं पिठाच्या धारेखाली तळहात धरला. मग म्हणाला, "बघितल्यालं न्हाई बघितलं म्हनायचं आन् त्याच हातानं बी टाकायचं? मग उगवंल का ते?"

"बी काय तुझ्या हाताकडं बघून उगवतंय व्हय?"

"तसं आसंल तर मग मला बलावतासा कशाला?" चांदभाईनं विचारलं. सहादेवानं पायली उचलली आणि तो निघून गेला.

मृग लागला, वळवाच्या दोन सरींनी रान भिजलं आणि पेरण्या सुरू झाल्या. चांदभाई पहाटे न्हाला, धुतलेली बंडी घातली आणि सहादेवाच्या बांधावर जाऊन उभा राहिला. बोलावणं आलं नव्हतं, पण बोलावणं आजवर कधीच येत नसे. तो येतो हे धरलेलंच असे. मी त्या वाटेनं रॉकेलचा डबा आणायला चाललो होतो. पलीकडच्या बांधावर गहिनीनाथची दोन पोरं उगाच बसली होती. सहादेव बैल जुंपून पाभरीमागं उभा होता. त्यानं चांदभाईकडं पाहिलं, पोरांकडं पाहिलं, मग ओटीतलं बी स्वतःच काढून चाड्यात टाकलं आणि बैल हाकले.

चांदभाई हलला नाही. पाभर तास संपवून वळून आली तरी तो तिथंच होता, उजवा हात अंगापासून जरा लांब धरून.

"घरी जा चांदभाई," सहादेव खाली बघत म्हणाला. "ऊन लागंल."

तो दुसऱ्या कुणाच्या बांधावर गेला नाही. त्या साली सगळ्यांनी आपापली मूठ आपणच टाकली.

आता या जागी नदीला महापूर यावा, गंजी वाहून जाव्यात, गावानं चांदभाईचे पाय धरावेत, असं वाचणाऱ्याला वाटत असेल. मलाही वाटत होतं. आषाढ-श्रावणात मी रोज नदीवर जाऊन पाण्याची चढती बघत होतो आणि, देवाशपथ, गाव बुडावं असं मनात म्हणत होतो. नदी आली नाही. पाऊस बेताचा झाला, पाणी वाळवंटाच्या कडेला शिवलं आणि माघारी गेलं. टिटवी चुकली होती. काठ्यांना आणि डब्यांना भिऊन ती जिथं जागा मिळाली तिथं बसली होती, पुराचा तिला काही पत्ताच नव्हता. सप्टेंबरात फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या आणि चार-पाच दिवसांत सगळं आटोपलं. रझाकार आमच्या काठाला फिरकलेसुद्धा नाहीत.

एरवी चूक झाली की गाव चांदभाईला घेरून सबब मागायचं. या वेळी गावाला सबबीची गरज नव्हती. पूर आला नाही, म्हणजे तो खोटंच बोलला होता. खोटं बोलला, म्हणजे काठ मोकळा करवून घ्यायचा होता. आणि रझाकार का आले नाहीत? तर गावानं त्याचं ऐकलं नाही म्हणून. गहिनीनाथनं हे इतकं नीट जुळवलं की मिशीला तूप उगाच लावत नव्हता असं मला वाटलं. पहाऱ्याच्या नावानं सत्यनारायण झाला.

मी मात्र सबब मागायला गेलो. चांदभाई ओट्यावर बसून दोरी वळत होता.

"काय चांदभाई, टिटवी कुठली होती या वेळी? नाशिकची?"

मला वाटलं होतं, तो लाल दाढी खाजवील आणि काहीतरी अफलातून काढील.

"चुकलं," तो म्हणाला, आणि दोरी वळत राहिला.

आतून बिबीजान म्हणाली, "चहा ठिवू का, गिरणीवाले?" पण तिनं चूल पेटवली नाही, आणि मीही थांबलो नाही.

दिवाळीनंतर तो वाळवंटातली जागा मागायला गेला, तेव्हा गावकीनं सांगितलं की ती हद्दीची जागा आहे. हद्द तोवर उरली नव्हती. सहादेव त्या बैठकीला हजर होता. मग ते दोघं नवरा-बायको श्रीरामपूरला गेले, आणि चांदभाई स्टेशनाबाहेर पाटीत केळी विकू लागला. एकदा इंजिनाचा पट्टा घ्यायला गेलो तेव्हा भेटला. त्यानं मला डझनभर केळी दिली. गावातलं कुणाचंच काही विचारलं नाही.

एकोणपन्नासच्या थंडीत तो विषमज्वरानं वारला. वाळवंटातली ती जागा आता गहिनीनाथचा मेहुणा करतो. टरबुजं बेताचीच येतात.