सिग्नलला थरथरणारी गाडी

सासूबाई गेल्यावर मामाजी, म्हणजे माझे सासरे, कन्हानचं घर बंद करून आमच्याकडे बेसाला राहायला आले. खाणीतलं पाणी उपसणाऱ्या पंपांवर फिटर म्हणून त्यांची सारी नोकरी गेली होती. आमच्याकडे मात्र ते पाहुण्यासारखे राहत. वाढलं तेवढं जेवत, दुपारभर गॅलरीत बसत. नवऱ्याची नोकरी फिरतीची, त्यामुळे आठवड्यातले चार-पाच दिवस घरात आम्ही दोघंच. आमचं बोलणं म्हणजे "चहा ठेवू?" आणि "ठेव".

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझी गाडी बिघडली. गाडी जुनी, पेट्रोलची. सदरला ऑफिसात मी तिनंच जाते. धावताना काही तक्रार नव्हती, पण सिग्नलला थांबलं की इंजिन थरथरायचं. स्टेअरिंग हातात कापायचं, आरपीएमचा काटा खालीवर व्हायचा आणि एसी लावलेला असला तर गाडी बंदच पडायची. एकदा ऐन चौकात अशी बंद पडली की मागचे हॉर्न ऐकून मला रडू यायचंच बाकी होतं. गॅरेजवाल्यानं प्लग बदलले, थ्रॉटल साफ केला. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तो म्हणाला, "मॅडम, इंजिन खोलावं लागेल. आठ दिवस गाडी सोडा."

शनिवारी सकाळी मी गाडी सुरू करून, बॉनेट उघडून नुसतीच उभी होते. काय बघायचं तेच माहीत नव्हतं. मामाजी जिना उतरून कधी बाजूला आले, कळलं नाही.

"अशीच थरथरते का रोज?"

"हो. चालताना ठीक राहते, उभी केली की असं."

"रेस दे जराशी."

मी आत बसून रेस दिली. इंजिन एकसारखं झालं. पाय काढला, पुन्हा थरथर. त्यांनी दोन-तीनदा तसंच करायला लावलं.

"खोलाचं काम नाही वाटत मले," ते म्हणाले. "पण पाहू. आधी वढणी खोच, पंख्यात जाईल."

त्यांना नव्या गाड्यांची सवय नव्हती. एखाद्या भागावर बोट ठेवून ते विचारत, "हे काय हाये?" मी मोबाइलवर शोधून वाचून दाखवी. मग ते मान हलवत आणि पुढचं सांगत. आम्ही गाडी बंद करून एका सिलिंडरच्या कॉइलची वायर काढायचो, सुरू करून ऐकायचो, आणि बंद करून ती परत लावायचो. असं चारही सिलिंडरांचं केलं, आणि प्रत्येक वेळी इंजिन आणखीच अडखळलं.

"चारही कामावर हायेत," मामाजी म्हणाले. "एखादा आळशी असता, तर त्याची वायर काढून फरकच पडला नसता. म्हंजे हे कुठून तरी जास्तीची हवा ओढून राहिली. रेस दिली का हवा तशीच खूप लागते, मंग थोडी चोरीची हवा समजत नाही. उभी राहिली का समजते."

ते आल्यापासूनच्या अख्ख्या आठ महिन्यांत मी त्यांना एका दमात इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

त्यांनी बागेच्या पाइपाचा हातभर तुकडा कापायला लावला. एक टोक कानाशी धरायचं आणि दुसरं इंजिनावर सगळीकडे फिरवायचं. मी तो त्यांच्या हातात देऊ लागले, तर त्यांनी घेतला नाही.

"पंपांजवळ राहून राहून माहे कान गेले. बारीक आवाज येत नाही मले. तू आयक."

मी वाकून ऐकू लागले. आधी नुसता गलका. इंजिनाच्या मागच्या अंगाला, खालच्या बाजूला टोक गेलं, आणि कुणी दातांतून हवा ओढावी तसा सूं आवाज आला.

"मामाजी, इथं आहे."

तिथं अंगठ्याएवढ्या जाडीची एक काळी रबरी नळी होती. वरून चांगली दिसत होती. त्यांनी पकडीला फडकं गुंडाळलं आणि नळी चिमटीत दाबली. त्या क्षणी इंजिन शांत झालं. सोडली, थरथर. दाबली, शांत. आम्ही एकमेकांकडे बघितलं. मामाजी हसत होते.

गाडी गार झाल्यावर नळी काढली. खालच्या अंगाला बोटभर चीर होती. टेप गुंडाळू का, असं मी विचारलं.

"गरमीनं सुटते टेप. नवीनच लावू."

स्पेअर पार्टच्या दुकानात जायला ते माझ्यासोबत ऑटोनं निघाले. वाटेत एका ठेल्यावर आम्ही तर्री-पोहे खाल्ले. मामाजींनी तर्री दोनदा मागून घेतली. दुकानदारानं त्याच मापाची एक नळी दिली. मामाजींनी ती दोन बोटांत दाबली आणि परत केली. "हे नरम हाये गा. इंजिनानं ओढलं का आतल्या आत चिपकते." दुकानदार थोडा कुरकुरला, पण आतून जाड नळी घेऊन आला.

नळी बसवली, दोन्ही टोकांच्या क्लिपा मी आवळल्या. सुरू केल्यावर काटा जरा वर गेला आणि मग जागेवर येऊन बसला. एसी लावला. काटा किंचित खाली आला, सावरला आणि तिथंच राहिला. मी स्टेअरिंगवर तळहात ठेवून बराच वेळ बसले. मामाजी बाहेर उभे राहून कापडानं एकेक पाना पुसत होते.

पुढच्या रविवारी नवरा घरी असताना त्यांनी स्वतःहून विचारलं, "कन्हानले एक चक्कर मारू का? घरची पाण्याची मोटर पाहाची हाये." नवरा मागे बसला, मामाजी माझ्या शेजारी. मी गिअर उशिरा बदलते, हे त्यांनी मला कामठी येईपर्यंत चार वेळा सांगितलं. पाचव्या वेळी मी वेळेवर बदलला. तेव्हा ते खिडकीची काच खाली करून बाहेर बघत बसले.