कागलकराच्या ताटातली अर्धी भाकरी

महाराज गादीवर होते तेव्हाची गोष्ट. गंगावेशीजवळच्या खानावळीत मी जेवणाऱ्यांची पंगत रंगवली आणि चित्र तिथंच भिंतीला टेकवून वाळत ठेवलं. दोन दिवसांनी दुपारी गिऱ्हाईक पांगल्यावर आतली भाकरी करणारी मावशी हात पदराला पुसत बाहेर आली. आजवर मी तिची फक्त भिंतीपलीकडची थापथाप ऐकली होती. बाप्ये जेवत असताना तिनं बाहेर यायची रीत नव्हती.

ती चित्रापुढं उकिडवी बसली. तव्यानं पोळलेलं बोट, रंगाला न लागू देता, एकेका चेहऱ्यावरून फिरवत राहिली.

"ह्यो बोटं चाटतोय की!" तिला हसू आवरेना. "बारा वर्सं भाकरी थापतोय मी, पण खाताना माणसं आज बघितली."

मग एका कागलकराच्या ताटाशी बोट थांबलं. कोपरा भरावा म्हणून मी तिथं अर्धी भाकरी ठेवली होती.

"पावणं, ह्येनं का टाकली?"

"मावशी, ती मीच काढली. शोभेला."

तिला ते पटलं नाही. "मंगळवारचं चित्र हाय न्हवं? त्या दिशी पीठ जुनं हुतं," असं पुटपुटत ती आत गेली.

मी तिथंच कुंचला उचलला आणि ती भाकरी पुसली.

पुढं दरबारातले एक जाणकार चित्र बघायला आले. त्या ताटावर काठी टेकवून म्हणाले, "इथं काहीतरी हवं होतं."

"होतं," मी म्हटलं. "त्यानं खाल्लं."