बंद गाडीच्या हँडलांची मागणी

शिडीकाका कारखान्यातून गाड्यांचे सुटे भाग चोरताना पकडले गेले, ही बातमी आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर निघाली तेव्हा साधी किरकोळ चोरी होती. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत काकांनी घरात अख्खी गाडी जोडून ठेवली होती. म्हणे चाकं पलंगाखाली आहेत आणि काकू स्टिअरिंगवर पापड वाळवतात!

आता खरं ऐका. भानगड झाली होती, आणि ती सुट्या भागांचीच होती. पण काकांनी कारखान्यातून साधा स्क्रूसुद्धा बाहेर आणला नव्हता. उलट त्यांच्यामुळे ट्रकभर माल आत आला होता. असली उलटी चोरी दुसऱ्या कुणाला सुचली असती?

काका मोटारींच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. उंचच उंच रॅक आणि त्यांना टेकवलेली लोखंडी शिडी. आयुष्य त्या शिडीवर गेलं, म्हणून त्यांच्या मेहुण्यानं त्यांना शिडीकाका करून टाकलं. खालून कुणीतरी ओरडायचं, "काका, ब्रेकचा पाइप! लवकर!" वरून काका ओरडायचे, "थांब रे, गाडी काय तुझ्याशिवाय पळून जातेय?" गुडघे कुरकुरायचे, पण तोंड चालू असायचं. दिवस कसा गेला ते कळायचं नाही.

मग ते उभं कपाट आलं. छताला भिडलेलं, सगळीकडून बंद, समोर तेवढी एक खिडकी. आत ट्रेवर ट्रे रचलेले. पडद्यावर भागाचा नंबर टाकला की आतली लिफ्ट नेमका तो ट्रे खिडकीत आणून ठेवते आणि हव्या त्या खणावर दिवा लावते. जे वारंवार लागतं ते खिडकीजवळ राहतं. ज्याला कुणी विचारत नाही ते आपोआप वर जातं. काका तेव्हा खूश! "माझे गुडघे वाचले," म्हणत त्यांनी स्वतःच्या खिशातून सगळ्या स्टोअरला चहा पाजला.

पण नंबर काय, कुणीही टाकतो. मेकॅनिक येऊ लागले, बटण दाबून, माल घेऊन जाऊ लागले. काका शेजारी खुर्चीवर. कुणी हाक मारीना. काकांनी एक-दोघांना स्वतःहून टोमणे मारून पाहिले, तर त्यांनी कानातली गाणी काढून "काय म्हणालात?" असं विचारलं. टोमणा दुसऱ्यांदा मारता येतो होय?

एक दिवस स्टोअरच्या साहेबांनी त्यांना बोलावलं. तरुण माणूस, स्वभावानं मऊ. म्हणाले, "काका, बंद झालेल्या जुन्या मॉडेलचे भाग स्टोअरमध्ये आहेत, तोवर त्यांच्यासाठी एक माणूस मंजूर आहे. ते एकदा भंगारात निघाले की..." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. काकांनी घरी येईपर्यंत ते मनातल्या मनात कितीदा तरी पुरं केलं. या वयाच्या, आखडलेल्या गुडघ्यांच्या माणसाला नव्यानं कोण कामावर घेणार?

भंगारात काय काढायचं, ते कॉम्प्युटर ठरवायचा. बरेच महिने ज्याला मागणी नाही, ते बाद. काकांनी जुन्या मॉडेलचा वरचा ट्रे मागवला. आत काच खालीवर करायची हँडलं होती. त्यांनी पडद्यावर 'काढले' दाबलं, हँडल जागेवरच ठेवलं आणि ट्रे परत पाठवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. हळूहळू तो ट्रे वरून खिडकीजवळ राहायला आला. काकांचा चेहरा जरा उजळला.

"आज हँडलांना चांगली मागणी होती," ते घरी सांगायचे.

"अहो, पण ती गाडी तर कधीच बंद झाली ना?" काकू विचारायच्या.

"हौशी लोक असतात गं," असं म्हणून ते ताटाकडे बघायचे.

कॉम्प्युटरला मात्र थट्टा कळत नाही. साठा संपत आलाय असं समजून त्यानं हँडलांची नवी ऑर्डर पाठवली. मेहुणा त्याच कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवतो. ट्रक त्यानंच रिकामा केला. पेट्यांच्या आडून तो ओरडला, "भाऊजी, हँडलंच हँडलं! या गाडीला कुणी विचारत नाही आणि हँडलं एवढी! कोण हा येडा?" सगळे खो-खो हसले. काका तेवढे हसले नाहीत.

साहेबांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "काका, ही हँडलं कोणी नेली?"

"कोणीच नाही."

"मग मागणी कोणाची?"

"माझी."

साहेबांनी पडदा परत आपल्याकडे वळवला. मग म्हणाले, "मला आधी सांगायचंत."

"सांगितलं असतं, तर काय केलं असतंत साहेब?"

चोरीचा ठपका साहेबांनी ठेवला नाही, एवढंच त्यांच्या हातात होतं. जुनं मॉडेल बाद झालं, आणि त्याबरोबर काकाही. ट्रे रिकामे करायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं. ट्रे खिडकीत यायचा, काका दोन्ही हातांनी तो भंगाराच्या पेटीत उपसायचे, रिकामा ट्रे आपला गुपचूप वर निघून जायचा. शेवटच्या ट्रेनंतरही ते खिडकीसमोर उभे होते. काही येईना, तेव्हा त्यांनी दिवा बंद केला.

आता काका दिवसभर घरच्या खिडकीशी बसून असतात. दाराची बेल वाजली की सुरुवातीला दचकून उठायचे. आता तेही नाही. काकू दोनदा हाक मारतात, तेव्हा कुठे मान वळते.

परवा मेहुणा त्यांना हसवायला म्हणून आला. बातमी जिन्यात पहिल्यांदा सोडली ती त्यानंच, त्यामुळे मन त्याला थोडं खात होतं. खांद्यावर थाप मारून म्हणाला, "काय भाऊजी, मजा आहे बुवा! ना शिडी, ना कटकट. गुडघे तरी वाचले की नाही?"

काका म्हणाले, "वाचले ना. अगदी ठणठणीत आहेत. आता त्यांना घेऊन जाऊ कुठे, तेवढं सांग."