यानाच्या पायांवर पाणी

आमची कंपनी छोटी, खासगी, आणि बाता मोठ्या: अंतराळात जाऊन परत येणारं, पुन्हा पुन्हा वापरता येणारं यान. मी बल्लारपूरची. कंपनीत झाकणांची रबरी सीलं बघते, म्हणजे आत हवा-पाणी शिरू न देण्याचं काम. पहिल्या चाचणीत भल्यामोठ्या फुग्यानं यानाचा सांगाडा उंच नेऊन सोडला. पॅराशूट उघडलं, पण वाऱ्यानं यान भरकटलं आणि मुलचेऱ्याजवळ धान कापून झालेल्या एका बांधीत उतरलं.

आम्ही पोचेपर्यंत शेतमालकीण बाईंनी त्यावर बादल्या भरून पाणी ओतलं होतं. पायांना हळदकुंकूही लावलं होतं.

"हे काय केलं बाई तुम्ही?"

"येवढ्या वरून घरी आलं, त्याचे पाय नाई धुवाचे काय?" त्या माझ्यावरच चिडल्या. "तुमच्या इथी पावन्याले पानी नाई देत?"

मला हसू आलं, सोबत आलेल्या आमच्या साहेबांना नाही. झाकण उघडलं तर आत पाणी, वायरी ओल्या.

"जंगली लोकांनी वाट लावली," साहेब म्हणाले. " भंगारात टाका हे, नवं बनवू."

माझं डोकंच फिरलं. जंगली कोणाला म्हणता?

"साहेब, बादलीभर पाण्यानं जे मरतं, ते पुन्हा वापरायचं यान म्हणून कोणत्या तोंडानं सांगणार? सील माझं आहे, मीच दुरुस्त करते. उडेल तर हेच उडेल. नाहीतर नवं माझ्याशिवाय बनवा."

संध्याकाळी घरी फोन केला. अब्बा म्हणाले, "नोकरी गेली त घरी ये. पन माफी नको मांगू."

नोकरी राहिली, कारण दुसरा सांगाडा बनवायला वेळ नव्हता. मी सील बदलत राहिले आणि रोज त्याच पोचे आलेल्या सांगाड्यावर पाणी ओतत राहिले. ऑफिसात सगळे मला पाणीवाली म्हणू लागले. म्हणेनात का!

तोच सांगाडा पुन्हा उडाला आणि सिरोंच्याकडच्या एका माळावर उतरला. जीपमधून मी बादली घेऊनच उतरले. सगळ्यांसमोर चारही पाय धुतले, झाकणावर पाणी ओतलं आणि मग ते उघडलं. आत सगळं कोरडं होतं.

तिथूनच मुलचेऱ्याच्या बाईंना फोन लावला. "बाई, परत आलं."

"पाय धुतले काय?"

"धुतले. आत थेंब नाई गेला."

साहेब शेजारीच उभे होते. फोन मी मुद्दाम स्पीकरवर ठेवला होता.