तेलाच्या कुपीतला कण

कामाच्या पहिल्याच दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी इंजेक्शनच्या कारखान्याच्या फाटकातून आत पाऊल टाकलं, आणि सात वाजून अकरा मिनिटांनी मला पहिला किस्सा मिळाला. तेव्हापासून जमतच गेले. आम्ही तपासणीच्या टेबलावरच्या बायका कुठं भेटलो की एकीनं एक सांगायचा, दुसरीनं "अगं, आणि ते आठवतं का?" म्हणायचं, आणि चहा निवून जायचा. आमचे हे विचारतात, "तुम्ही कामाला जाता की हसायला?" आता काय सांगणार!

कारखाना लहान. लोणावळ्याच्या अलीकडे, रेल्वेलाइनीच्या कडेला. वर पत्रे, पण आत सगळं पांढरंशुभ्र. तिथं तेलातली इंजेक्शनं होतात. साहेब लोक त्यातल्या औषधाला स्टिरॉइड म्हणतात. आम्हाला एवढं कळतं, की ते पाण्यात विरघळत नाही म्हणून तेलात घालतात आणि काचेच्या इवल्याशा कुपीत भरतात. आत एक जंतू, एक कण किंवा पाण्याचा एक थेंब गेला, की संपलं!

माझं शिक्षण सातवी फायनल. घरी सव्वा वर्षाची बेबी सासूबाईंपाशी ठेवलेली. आणि स्वभाव मुळातच काळजीचा. दाराला कडी लावली की नाही, हे बघायला अर्ध्या वाटेतून परत जाणारी मी! मला कामही मिळालं ते काळजीचंच. भरलेली कुपी उलटी करायची, हळूच फिरवायची, आधी काळ्या फळीसमोर धरायची, मग पांढऱ्या. आत काही तरंगताना दिसलं की ती रिजेक्ट.

तर सात वाजून अकरा मिनिटांनी आमच्या सुपरवायझर कुलकर्णीबाई दारात उभ्या होत्या. हातात स्पिरिटचा बोळा.

"बांगड्या काढा. गजरा काढा. कुंकू पुसा. कुंकवाची पूड तेलात पडली तर कुणाच्या अंगात जाईल?"

माझ्यापुढं हौसाबाई होती. ही लोहगडवाडीची, रोज डोंगर उतरून येणारी. कुलकर्णीबाईंनी तिच्या कपाळावर बोळा फिरवला. कुंकू जाईना. पुन्हा फिरवला. नवा बोळा घेतला. कपाळ लाल झालं, तरी मधला ठिपका तसाच हिरवा!

हौसाबाई शांतपणे म्हणाली, "पुसा बाई, लागंल तेवढं पुसा. आईनं लहानपनी गोंदून घेतलंय. त्ये आता माझ्यासंगंच जायचं!"

पुढच्या जत्रेत आमच्यातल्या दोघी नव्या नवऱ्या कपाळ गोंदवून आल्या. कुलकर्णीबाईंनी बोळा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या! आता मी पुसू काय?"

*

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्यांना हे बांगड्यांचं अजिबात पटलं नव्हतं. "हातात बांगडी न्हाई, कपाळाला कुंकू न्हाई. तू कामाला जाती का सुतकाला?"

पण पुढं असं झालं, की त्याच मला रोज दारात विचारायला लागल्या, "बांगड्या काढल्यास न्हवं? नख कापलंस न्हवं?"

कारण माझी नणंद सुशीला. तिला सुदुंबऱ्याला दिलेली. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा टिकले नाहीत. तिसऱ्या वेळी तिला आम्ही आमच्याकडं आणून ठेवलं. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी दर आठवड्याला गर्भ टिकण्याचं इंजेक्शन लावून दिलं. मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले आणि कपाटातली पेटी पाहिली. पेटीवर आमच्याच कारखान्याचं लेबल!

त्या दिवसापासून मी कुपी काळ्या फळीसमोर धरली, की मला फळीच्या जागी सुशीलाच दिसायची.

आत्या म्हणाल्या, "तूच बगतीस ना? मंग कशाला भ्यायचं?"

"आत्या, मी बघते म्हणूनच तर भीती वाटते!"

*

दुसऱ्या दिवशी माझा रिजेक्टचा ट्रे भरून वाहायला लागला. कुलकर्णीबाई आल्या. एक कुपी उचलली, उलटी केली, बघितली. दुसरी बघितली. तिसरी बघितली.

"अहो, यात आहे काय?"

"कण आहे बाई. हा बघा, हलतोय."

"कुठं चाललाय?"

"वर."

"कण कधी वर जातो का? कण खाली जातो. वर जातो तो बुडबुडा! तेलात तो सावकाश जातो, एवढंच."

मी म्हटलं, "पण बाई, समजा एखादा कण वर जाणारा निघाला तर?"

त्यांनी डोक्याची टोपी सारखी केली आणि म्हणाल्या, "तसा निघाला तर मला हाक मारा. मीही आयुष्यात बघितला नाही!"

*

आता हौसाबाईचं ऐका. कुप्या भरायच्या खोलीत बॅच संपली की नळीत राहिलेलं तेल टाकून द्यायचं असतं. हौसाबाईचे हात साबणानं धुऊन धुऊन फुटले होते. तिनं विचार केला, चांगलं तिळाचं तेल वाया कशाला घालवा? चोळलं की हाताला! कोपरापर्यंत! वर तोंडाला पण!

डबा खाताना माझ्या शेजारी तपासणीला बसणाऱ्या मंदानं विचारलं, "हौसाबाई, आज तुकतुकीत दिसता. काय लावलंत?"

तिनं सांगितलं. मंदाचा घास हातातच राहिला. "अहो, आज कुठली बॅच होती माहीत आहे का? पुरुषांच्या औषधाची! ज्यांना दाढीमिशा येत नाहीत, त्यांना देतात ते!"

हौसाबाई घाबरीघुबरी होऊन दामले साहेबांकडं गेली. साहेब म्हणजे आमचे मुख्य केमिस्ट. माणूस भला, पण हसायचं काम नाही. त्यांनी तिला पुन्हा पुन्हा हात-तोंड धुवायला लावलं, टाकाऊ तेलाच्या डब्याला झाकण आणि कुलूप बसवलं, आणि म्हणाले, "एकदा लावल्यानं काही होत नाही. पण औषधाला पुन्हा हात लावायचा नाही!"

तरी महिनाभर ती येता-जाता खिडकीच्या काचेत ओठावर बघायची. शेवटी मंदानं विचारलं, "आली का?"

"मला न्हाई आली. पन आमच्या घरधन्याला वाटतं आली. आजकाल माझ्याम्होरं लय दबून बोलतोय!"

*

एकदा औषध खात्याचे इन्स्पेक्टर आले होते. आमच्याकडं नुसतं तेलच आधी तास-दीड तास कडक तापवतात, म्हणजे जंतू मरतात. तेलाला वाफेचा उपयोग नाही, कोरडीच भट्टी लागते. तर भट्टी चालू, बाहेर धुकं, आणि सगळ्या आवारात तेलाचा खमंग वास.

इन्स्पेक्टर थबकले. "दामले, कारखान्यात भजी तळता?"

"नाही साहेब. तेल निर्जंतुक होतंय."

इन्स्पेक्टरांनी भट्टी बघितली, घड्याळ बघितलं, फिल्टर बघितला. कुठंच खोट नाही. पण दर दोन मिनिटांनी मोठा श्वास घ्यायचे. जाताना म्हणाले, "सगळं उत्तम आहे. फक्त इथं तपासणीला जेवून यायला हवं!"

आमचे हे रेल्वेत, लोणावळा स्टेशनात. घरी आल्यावर म्हणाले, "आज एका साहेबानं भज्यांच्या नादात गाडी चुकवली गं!"

*

मंदाला बघायला सुदुंबऱ्याचं स्थळ आलं. ते सुशीलाच्याच ओळखीचं होतं, म्हणून मीही हजर. मंदा पाण्याच्या पेल्यांचा ट्रे घेऊन आली. पेले काचेचे. दारातच थांबली. एक पेला उजेडाकडं धरला, जरा फिरवला, आणि ट्रे घेऊन परत आत!

पुन्हा आली. पुन्हा बघितलं. पुन्हा आत!

तिसऱ्यांदा ती दारापर्यंत आली तेव्हा मुलाची आई म्हणाली, "पोरी, पानी देतीस का आमी वाटंत नदीवर पिऊ?"

मंदाची आई तर जमिनीत जायची बाकी होती. पण मुलगा एका कारखान्यात फिटर. तो म्हणाला, "आई, मला पसंत हाय. आपल्या हिरीचं पानी चार म्हयने गढूळ येतं. घरात असं कुनीतरी पायजेच!"

*

मग ती थंडी आली. मुंबईहून एक नवा केमिस्ट आला होता, कोवळा मुलगा. सकाळी कोठीची खोली उघडली तर काय, ट्रेमधल्या कुप्या गढूळ! कालपर्यंत मधासारखं स्वच्छ तेल, आणि आत आता पांढरे पांढरे खडे. बॅच कसली होती? गर्भ टिकण्याच्या औषधाची. सुशीलाला लागणारं तेच!

"पाणी गेलं आत! सगळी बॅच गेली!" केमिस्टनं डोक्याला हात लावला.

दामले साहेब आले. एक कुपी उचलली, मुठीत घट्ट धरली, आणि नव्या केमिस्टला त्याच्या खोलीचं, जेवणाचं, आईच्या तब्येतीचं विचारत उभे राहिले. मग मूठ उघडली. तेल स्वच्छ!

"पाणी असतं तर गेलं नसतं. ही लोणावळ्याची थंडी आहे. घरातलं तूप गोठतं ना, तसं औषध बसलंय. ऊन करा, हलवा, आणि एकेक कुपी पुन्हा तपासा."

इतका वेळ हौसाबाई मागं उभी होती. ती पुढं होऊन म्हणाली, "साहेब, आमच्या घरी खुडूक कोंबडी हाय. आनू का? खाली ठिवली की रातीत एक ट्रे उबंल!"

*

सुशीलाला सातवा लागला होता. इंजेक्शनच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. डॉक्टर कुपीची मान कापणार, तेवढ्यात माझ्या तोंडून निघालं, "डॉक्टर, जरा बघू?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं आणि कुपी हातात दिली. फळी कुठली तिथं! मी त्यांच्या काळ्या बॅगेसमोर धरली, मग त्यांच्याच पांढऱ्या शर्टासमोर. तर काय! एक तंतू! बारीक, वाकडा!

"डॉक्टर, ही नको."

"पेटीतली शेवटची आहे. नवी पेटी उद्या पुण्याहून येईल. थांबायचं का?"

सुशीला टेबलावर कुशीवर झोपलेली. तिनं डोळे मिटून घेतले. उद्यापर्यंत काही झालं तर? आणि आजच दिलं आणि त्यानं काही झालं तर?

डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा घेतला, कुपी बाहेरून पुसली आणि पुन्हा माझ्या हातात दिली. तंतू गायब!

"बाई, तुमच्या पदराचं सूत होतं ते."

मी पुन्हा बघितलं. काळ्यावर बघितलं. पांढऱ्यावर बघितलं. उलटी करून बघितलं. मग आणखी एकदा काळ्यावर.

टेबलावरून आवाज आला, "वहिनी, मूल नवव्या महिन्यात यायचंय. तोवर पास कर!"

*

कारखान्यात बाहेरचं कुणी आलं, की दामले साहेब पहिलं वाक्य एकच बोलत, "काही तक्रार?" दुकानदार येवो, पुण्याचा एजंट येवो, पोस्टमन येवो. रात्री झोप तरी लागत असेल की नाही त्यांना, कोण जाणे. पुढं सुशीलाचे दिवस भरले, तेव्हा मी आठ दिवस रजा घेतली.

त्यातल्याच एका दिवशी आत्या पेढ्यांची पुडी घेऊन कारखान्याच्या फाटकाशी गेल्या. हे सगळं मला कुलकर्णीबाईंनी सांगितलं, त्या तिथंच होत्या. साहेब पांढरा कोट घालून बाहेर आले. आत्यांना ते ओळखत नव्हते.

"कुणाकडं आलात?"

"तुमच्याकडंच. माझ्या लेकीला तुमच्या हितलं विंजेक्शन दिल्यालं. ईस-बावीस येळा."

साहेबांचा चेहरा उतरला. "काही तक्रार?"

"हाय की!"

"काय झालं? जागा सुजली? गळू झालं? ताप आला?" साहेबांनी फाटकाचा गज धरला. "सांगा आजी, न घाबरता सांगा."

"आता काय काय सांगू? आज पाच दिस झालं. घरात कुनाला डोळ्याला डोळा लागू देत न्हाई. ह्यो एवढा मोटा आवाज! आख्ख्या चाळीला ऐकू जातो. बापासारकं नाक हाय, आन् मूठ धरली की सोडत न्हाई!"

आत्यांनी पुडी सोडली आणि साहेबांच्या हातावर पेढा ठेवला. त्यांनी तो खाल्ला नाही. चष्मा काढला, कोटाच्या बाहीनं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग कुलकर्णीबाईंकडं वळले.

"बाई, टोपी घाला, हात धुवा आणि आत जा. तक्रार आली आहे, एकेका टेबलावर जाऊन सगळ्यांना सांगा."