गार्डआप्पांचे चिंचोके

बीडच्या गार्डआप्पांबद्दल सांगतोय म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं लगेच टोपी, काळा कोट आणि रेल्वेची पेन्शन आली असेल. पुसून टाका. त्या काळी बीडला रूळच नव्हते. आप्पांचं किराणा दुकान होतं आणि गल्ल्यामागं खिळ्याला एक शिट्टी अन् हिरवी झेंडी टांगलेली. शटर ओढतानासुद्धा ते आधी शिट्टी फुंकायचे.

वर्षातून एकदा, सुगी उरकली की, आप्पा गल्लीतल्या लोकांना दोन दिवसांच्या सहलीला न्यायचे. एसटीनं बार्शी, तिथून कोळशाच्या इंजिनाच्या छोट्या गाडीनं कुर्डुवाडी, मुक्काम आणि परत. लोक व्हिडिओ कोचनं गोव्याला जायला लागलते, घरोघरी केबल आलती, तरी आप्पांना माणसं मिळायची. सूचना ठरलेली: "डोकं भाईर काढा, पन डोळे मिटून. कोळसा कुनाला वळखत न्हाई." मी गल्लीतला नकल्या, त्यांचा आवाज असा काढायचो की माणसं खरंच डोळे मिटायची.

माणसं मोजायची त्यांची रीत जगावेगळी. बोट दाखवून माणूस मोजू नये, आयुष्य घटतं, असं त्यांची आई सांगायची. म्हणून नाव नोंदवलं की त्या माणसाचा एक चिंचोका बंडीच्या डाव्या खिशात. माणूस डब्यात चढला की चिंचोका उजव्या खिशात. मधल्या थांब्यावर माणसं उतरली की सगळे चिंचोके परत डाव्यात. डावा खिसा रिकामा झाला की शिट्टी. त्या शिट्टीनं गाडी सुटत नव्हती, खरा गार्ड मागच्या डब्यात होता. पण हे आप्पांना सांगणार कोण?

त्यांची एकच इच्छा राहिलेली. इंजिनावर चढून एकदा तो शिट्टीचा दोर ओढायचा. दरवर्षी ते ड्रायव्हरला पेढे द्यायचे. तो पेढे खायचा आणि वर चढायचं नाही म्हणायचा. त्या वर्षी कळलं, कोळशाचं इंजिन जाणार, डिझेलचं येणार. म्हणजे शेवटची संधी. तेवढ्यासाठी दुकान बंद ठेवलं, आणि एरवी सहलीच्या दोन दिवसांत तराजूपाशी बसणाऱ्या त्यांच्या बायको, आमच्या काकू, पहिल्यांदाच सहलीला आल्या.

मधल्या एका थांब्यावर इंजिन पाणी प्यायला थांबलं. काकू तांब्या घेऊन हापशावर गेल्या. इकडं आप्पांचा डावा खिसा रिकामा झाला, शिट्टी वाजली, योगायोगानं गाडीही सुटली. खिडकीतून मला हापशापाशी काकू दिसल्या.

"आप्पा, काकू राह्यल्या."

"तुजं सोंग कुर्डुवाडीत दाखव बे," त्यांनी खिसा उलटा करून दाखवला. "हिशेब चोख हाय."

चोखच होता. घरच्या माणसाचं नाव कोण नोंदवतं? काकूंचा चिंचोका खिशात कधी पडलाच नव्हता. आप्पांच्या ध्यानात आलं तशी त्यांनी डोकं बाहेर काढलं, डोळे न मिटता.

गाडी पुढं मोठं वळण घ्यायची. काकू ज्वारीच्या धसकटांतून सरळ रेषेत निघालत्या. त्या वळणावर पोचल्या, मग गाडी पोचली. ड्रायव्हरनं ब्रेक लावला. काकूंच्या पुढ्यात जे आलं ते नेमकं इंजिन होतं. ड्रायव्हरनंच हात देऊन त्यांना वर घेतलं.

थोड्या वेळानं शिट्टी झाली. लांबलचक, मधेच हसल्यासारखी. ती ड्रायव्हरची नव्हती, हे आप्पांनी लगेच ओळखलं आणि ते मटकन बाकावर बसले. आज इंजिन नाही, आप्पाही नाहीत. दोघांचे आवाज मला काढता येतात. ती शिट्टी काही जमत नाही.

कुर्डुवाडीत काकू उतरल्या. तोंड काळंकुट्ट, हातात रिकामा तांब्या. आप्पा खाली मान घालून पुढं गेले.

"चुकलं माजं. हापशावर इसरलो तुला."

"हापशाचं ऱ्हाऊ द्या," काकू अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल अशा कडाडल्या. "तिथं काय, घडीभर राह्यले. इतकी वर्सं तराजूपाशी इसरलात, त्याचं बोला. असलं लई ग्वाड एकट्यानंच खात होता व्हय?"