ॲव्हरेज देणारी गाडी

गिरधर नानांसमोर कुठलीही वस्तू ठेवा, पहिला प्रश्न ठरलेला. "ॲव्हरेज किती?" मोटारसायकल असो, ट्रॅक्टर असो, नाहीतर फवारणीचा पंप. सुनेनं, मोहिनीनं, नवी गॅसची शेगडी घेतली तेव्हाही त्यांनी तेच विचारलं. मोहिनीही काही कमी नव्हती. "नाना, चाळीस पोळ्यांमागे एक चहा फुकट," ती म्हणाली, आणि नाना समाधानानं मान डोलावून पुढे गेले.

जामनेरकडच्या त्या शिवारात हा चेष्टेचा विषय होता आणि मानाचाही. कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली की आधी नानांना सोबत नेत. नानांची परीक्षा एकच. टाकी तोंडापर्यंत भरायची, गाडी दोन्ही अंगांनी हलवून आतली हवा काढायची, पुन्हा भरायची. मग रस्त्यानं फिरवून आणून त्याच पंपावर परत तोंडापर्यंत भरायची. जेवढं डिझेल लागलं तेवढंच खरं. "मालक खोटं बोलंल, मीटर खोटं बोलंल," नाना म्हणत, "टाकी खोटं नाही बोलत."

असा माणूस स्वतःसाठी चारचाकी बघायला निघाला तेव्हा कारण मात्र हौसेचं नव्हतं. त्यांच्या बायकोच्या, झुंबरबाईंच्या, किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा जळगावला डायलिसिस. घर मळ्यात, चहूबाजूंनी केळी, आणि त्या घरच्या बाईला केळं खायला बंदी. पाणीसुद्धा वाटीनं मोजून. "घडाखालून जाते तर घडच मले पाहून हसते," असं त्या आल्यागेल्याला सांगत आणि स्वतःही हसत.

मळ्यापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा गाडरस्ता काळ्या मातीचा. पावसाळ्यात ती माती चाकाला धरते ती सोडत नाही. गेल्या पावसाळ्यात झुंबरबाई शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून जात होत्या. डायलिसिसच्या सुयांसाठी तयार केलेला डावा हात जपायचा, उजव्यानं दांडा धरायचा. परतताना अंगात त्राण नसे. एकदा हात सुटला आणि त्या खाली चिखलात पडल्या. चिखल होता म्हणून हाड वाचलं.

मुलगा भूपेंद्र जळगावला नोकरीला. त्यानं तेव्हाच सांगून टाकलं, "आई आता आमच्याकडे राहील. दवाखाना दहा मिनिटांवर आहे."

झुंबरबाई त्याच्या फ्लॅटवर आधी राहून आल्या होत्या. तिसरा मजला, खिडकीला जाळी, खाली गाड्या लावलेल्या. दिवसभर त्या गाड्यांची टपं बघत बसायच्या. पोरगा चांगला, सून त्याहून चांगली, तक्रार करायला जागाच नाही. "तठी मी पाहुनीच वाटते मले," त्या नानांना म्हणाल्या. "जे काय व्हायचं ते अठीच होऊ द्या."

"पावसाच्या आत चारी चाकं ओढनारी गाडी, फोर बाय फोर, आणतो," नाना म्हणाले. "तुले अठून कोनी हलवत नाही."

भूपेंद्रनं आईकडे बघितलं. मग म्हणाला, "आणा. पण डायलिसिसची एक जरी पाळी चुकली ना, नाना, तर मी आईचंही ऐकणार नाही आणि तुमचंही नाही."

चैत्रात बापलेक धुळ्याला गेले. हायवेलगत अमनशेठचं जुन्या गाड्यांचं आवार होतं. फोर बाय फोर दोनच होत्या. एक हिरवी, पत्रा ठिकठिकाणी चेपलेला, टायर मात्र जाड, खोल खाचांचे. आवारात काम करणारा वना त्या टायरवर थाप मारत अहिराणीत म्हणाला, "हाई गाडी चिखलमा बी चालस, नाना. टायर देखा, जसा बैलना खुर!" दुसरी पांढरी, स्वच्छ, नवे कोरे टायर, पण हायवेचे. खाचा बारीक, चाल अगदी मऊ.

नानांनी दोन्ही गाड्या पारोळ्यापर्यंत नेऊन आणल्या. टाक्या भरल्या, हलवल्या, पुन्हा भरल्या. पंपावरचा पोरगा वैतागला. "काका, गाडीले झोका देऊ राहिले का?" हिरवीनं लिटरला नऊ दिले. पांढरीनं तेरा. नानांचा विश्वास बसेना. त्यांनी पांढरी पुन्हा पारोळ्याला नेली. पुन्हा तेरा.

"चारी चाकं ओढनारी गाडी अन् तेरा!" नानांच्या चेहऱ्यावर लग्न जमल्यासारखं तेज आलं.

अमनशेठ तरुण होता, सरळ होता. तो म्हणाला, "नाना, मलाही जरा जास्तच वाटतंय. ही मी लिलावातून उचललीय, आधीच्या मालकानं काय केलंय ते मला माहीत नाही. रॅम्पवर चढवतो, खालून एकदा बघून घ्या."

"खालून काय पाहायचं, शेठ? आतून निरोगी असल्याबिगर तेरा देते का?"

भूपेंद्रनं टायरकडे बोट दाखवलं. "निदान हे तरी बदलून घ्या. आपल्या मातीत हे टिकायचे नाहीत."

"बदलले का ॲव्हरेज गेला. चारी चाकं जोर लावतीन तर टायरचं काय नडलं?"

त्यांच्या शब्दापुढे कोण बोलणार? सगळा तालुका ज्याला गाडी बघायला नेतो, त्याला पोरानं काय शिकवायचं? पांढरी गाडी मळ्यात आली. झुंबरबाईंनी ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली, पुढच्या सीटवर बसून बघितलं. "पलंगावानी हाये," त्या म्हणाल्या.

उन्हाळा सुखात गेला. सकाळी जायचं, दुपारी परत. परतताना झुंबरबाई मान मागे टाकून डोळे मिटत आणि गाडी गाडरस्त्याला लागली की केळीच्या गारव्यानंच जाग्या होत. भरताच्या वांग्यांचं बी त्यांनी ओट्यामागे टाकलं. स्वतःला खायची नव्हतीच ती, पोराला पाठवायची होती. गाडीतला तो छोटा गिअर, चारी चाकांना जोर देणारा, नानांनी कधी लावलाच नाही. भूपेंद्र फोनवर म्हणायचा, "एकदा लावून तर बघा." नाना म्हणायचे, "कोरड्यात काबरं लावायचा? फुकट डिझेल पिते. वेळेवर लावू."

वेळ श्रावणात आली. झड लागून बरेच दिवस झाले होते. तरी आधीच्या पाळ्या निभावल्या होत्या, कारण डिझेल वाचवायला नाना गाडी डांबरीवर उभी ठेवत आणि झुंबरबाई ट्रॅक्टरनं तिथवर जात. पण त्या आठवड्यात त्यांचे पाय सुजले, मडगार्डवर चढवेना. नानांनी आदल्या दिवशी, जरा उघडीप होती तेव्हा, गाडी मळ्यात आणून ठेवली. "उद्या दारातून बसशीन तू," ते म्हणाले. "याच्यासाठीच आणली ना."

सकाळी निघाले. गाडरस्त्यावरच्या नाल्याच्या अलीकडे गाडी रुतली. नानांनी छोटा गिअर ओढला. समोर हिरवा दिवा लागला. नानांनी झुंबरबाईंकडे बघितलं, जणू आता गंमत बघ. मग ॲक्सिलेटर दाबला. गाडी थरथरली आणि आणखी खाली बसली.

झुंबरबाईंनी दार उघडून खाली वाकून बघितलं. "अव्हो, पुढची चाकं तर फिरूनच नाही राहिली."

"फिरतात. दिवा लागला ना."

"दिवा लागला असंल. चाक नाही फिरत."

नाना उतरले. मागच्या टायरच्या खाचा मातीनं भरून लाडवासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. पुढची चाकं अगदी शांत होती. पलीकडच्या शेतातला ट्रॅक्टर मिळेपर्यंत दुपार झाली. तोवर झुंबरबाई गाडीतच बसून होत्या. श्वास लागला होता. जळगावला पोहोचले तेव्हा त्यांच्या यंत्रावर दुसरा पेशंट होता. छातीत पाणी भरलं म्हणून त्यांना दाखल करून घेतलं.

भूपेंद्र दवाखान्यात आला. त्यानं फक्त आईची पिशवी नानांच्या हातातून काढून घेतली.

दुसऱ्या आठवड्यात जामनेरला छगन मिस्त्रीनं गाडी रॅम्पवर घेतली आणि टॉर्च मारला. "नाना, पुढच्या चाकाले ताकद नेनारा शाफ्टच नाही हो. काढून ठेवेल हाये कोनीतरी."

"काबरं?"

छगननं टॉर्च विझवला. नानांनीच कधीतरी त्याला गाड्या बघायला शिकवलं होतं. "काढतात लोकं," तो हळूच म्हणाला. "तेवढाच बोजा कमी. ॲव्हरेज वाढते."

नाना गाडीखाली उभे राहून वर बघत राहिले. जिथं शाफ्ट असायला हवा तिथं नुसती रिकामी जागा होती आणि दोन दिवस पाऊस नसतानाही त्या जागेत अडकलेल्या चिखलातून पाणी ठिबकत होतं.

पुढचा महिनाभर त्यांनी दुसरं काही केलं नाही. धुळे, मालेगाव, जिथं जुने भाग मिळतात तिथं फिरले, शाफ्ट मिळवला, बसवला. हायवेचे टायर काढून खोल खाचांचे टाकले. मग भर चिखलात, एकटेच, गाडी नाल्यापर्यंत नेली. गाडी गुरगुरत, माती उडवत पलीकडे निघाली. ॲव्हरेज किती पडला ते त्यांनी मोजलं नाही.

तशीच ते जळगावला घेऊन गेले. सोबत वांगी होती. दवाखान्यातून भूपेंद्रच्या फ्लॅटवर आलेल्या झुंबरबाई खिडकीजवळच बसल्या होत्या. सोसायटीचा वॉचमन खालून ओरडत होता, "ओ काका, फरशी बघा काय केली!" खाचांतली काळी ढेकळं पार्किंगभर पडली होती.

"घ्यायले आलो तुले," नाना म्हणाले. "आता येते ती चिखलातून. पाहून आलो मी."

झुंबरबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. चेहरा सुजला होता. आता आठवड्यातून तीनदा न्यावं लागत होतं आणि जिना उतरताना दोघांनी धरावं लागत होतं. "कोन बसंल त्याच्यात आता?" त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता.

मोहिनी खाली जाऊन फरशी झाडून आली. सुपलीत ढेकळं होती. ती टाकायच्या आधी, काय वाटलं कोण जाणे, तिनं सुपली सासूपुढे धरली. झुंबरबाईंनी एक ढेकूळ उचललं, उजव्या हाताच्या बोटांनी दाबून बघितलं. ते फुटलं नाही, नुसतं दबलं.

"ओलंच हाये अजून," त्या म्हणाल्या. "केळीत पाणी तुंबलं असंल. जा तुम्ही, चर काढा."

त्यांनी ढेकूळ परत सुपलीत ठेवलं आणि मोहिनीला हात धुवायला पाणी मागितलं. नाना वांग्यांची पिशवी स्वयंपाकाच्या ओट्याखाली ठेवून जिना उतरू लागले.